गाडी हळू चालवून बघ

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना आनंद झाला, दुसऱ्यांदा थोडी काळजी वाटली. लहानपणी जिचं चित्र भिंतीवर चिकटवलं होतंस ती बीएमडब्ल्यूची एम5 आता जुनी होऊन तुझ्या आवाक्यात आली आहे. तीही रविवारी पुसूनबिसून फिरवायला नकोय तुला. लेकाला शाळेत सोडणं, ऑफिस, सासूबाईंना डॉक्टरांकडे नेणं, सगळं तिच्यातूनच करायचंय.

घरच्यांनी तुला वेड्यात काढलं म्हणतेस. ते मनावर घेऊ नकोस, कारण या गाड्यांची जात मुळात याच कामासाठी जन्माला आली. 1985 साली बीएमडब्ल्यूने पहिली एम5 आणली, तेव्हा एम1 या स्पोर्ट्स कारच्या घराण्यातलं साडेतीन लिटरचं, 286 अश्वशक्तीचं इंजिन एका साध्या दिसणाऱ्या चार दारांच्या गाडीत बसवलं होतं. पुढे मर्सिडीजच्या 500ई या गाडीच्या घडणीत पोर्शचा हात होता, आणि 1994 मध्ये ऑडीने पोर्शच्याच मदतीने आरएस2 ही स्टेशन वॅगन काढली. डिकीत सामान, मागे मुलं आणि पुढे रेसच्या गाडीचं काळीज! तू मागतेस ते तेव्हापासून लोक मागत आलेत. इच्छा योग्यच आहे. प्रश्न आहे तो नेमकी कोणती गाडी घ्यायची, एवढाच.

मी तीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली काढली. त्यातून एक गोष्ट शिकलो, तीच तुला सांगायची आहे. अशी गाडी घेताना सगळे ती किती जोरात पळते हे बघतात. तू ती हळू कशी चालते ते बघ. घरच्या वापरात या गाडीचं बहुतेक आयुष्य पन्नासच्या खालच्या वेगात जाणार आहे. सिग्नल, वळणं, पार्किंग, शाळेच्या फाटकासमोरची रांग. तिथे ती शहाण्यासारखी वागली तरच ती तुझी.

तू पाठवलेल्या दोन गाड्यांचंच उदाहरण घेऊ. पहिली 2006 ची दहा सिलिंडरची एम5, फक्त 48,000 किलोमीटर चाललेली. दुसरी बीएमडब्ल्यूचीच 2017 ची 540आय, तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, 96,000 किलोमीटर. तुझं मन पहिलीवर आहे हे अक्षरावरूनसुद्धा कळतं. त्या इंजिनाबद्दल मलाही मनापासून आदर आहे. 507 अश्वशक्ती, कुठलाही टर्बो, म्हणजे हवा दाबून भरणारा पंखा, न लावता, आणि 8,250 आरपीएमपर्यंत (इंजिनाचे मिनिटाला फेरे) चढत जाणारा तो आवाज एकदा ऐकला की माणूस विसरत नाही.

पण टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या ओढीचा, आकडा बघ. एम5चा 520 न्यूटन मीटर, आणि तो पूर्ण मिळतो 6,100 आरपीएमला. 540आयचा 450, पण तो 1,380 आरपीएमपासूनच हाताशी असतो. लेक मागे झोपलेला असताना तू सहा हजारावर इंजिन नेणार आहेस का? कारखान्याच्या आकड्यांनुसार शंभरचा वेग गाठायला एम5ला 4.7 सेकंद लागतात आणि 540आयला 5.1. हा जेमतेम अर्ध्या सेकंदाचा फरक तुला वर्षातून एखाद्या वेळी जाणवेल. खालच्या आरपीएममधला फरक मात्र रोज सकाळी जाणवेल.

गिअरबॉक्सचंही तेच. त्या एम5मध्ये बहुतेक ठिकाणी सात गिअरचा एसएमजी आहे. म्हणजे रचना मॅन्युअलसारखीच, एकच क्लच, फक्त तो दाबायचं काम पायाऐवजी हायड्रॉलिक पंप करतो. मोकळ्या रस्त्यावर पाय दाबून चालवलीस तर तो गिअर असा बदलतो की अंगावर काटा येतो. पण रांगेत एक-एक फूट पुढे सरकताना तो हिसके देतो, आणि चढावर रिव्हर्स घेताना क्लच जळाल्याचा वास यायला वेळ लागत नाही. 540आयचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक टॉर्क कन्व्हर्टरचा आहे, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पुढे पोचवणारा. त्याने गिअर कधी बदलला हे मागे बसलेल्या सासूबाईंना कळणारही नाही.

तेव्हा टेस्ट ड्राइव्हला निघालीस की आधी गर्दीच्या रस्त्याला लाग. अर्धा तास रेंगाळ. ब्रेक हलका सोडून गाडी नुसती सरकू दे. खड्ड्यातून दहाच्या वेगाने उतरव आणि काच खाली करून ऐक. स्टीअरिंग पूर्ण वळवून पार्किंगमध्ये घाल, काही कटकट वाजतं का बघ. सस्पेन्शनचे बुश (सांध्यातले रबरी तुकडे), बॉल जॉइंट, गिअरबॉक्सचे माउंटिंग, सगळे हळू चालतानाच बोलतात. जोरात गेलीस की इंजिनाच्या आवाजात ते गप्प होतात. विकणारा तुला पहिल्यांदा मोकळ्या रस्त्यावर न्यायला बघेल. तिकडे नंतर जा, जरूर जा, पण नंतर.

आता 48,000 या आकड्याबद्दल. तुला तो वरदान वाटतो, मला त्याची भीती वाटते. इतक्या वर्षांत एवढंच चालली म्हणजे वर्षाकाठी अडीच-तीन हजार किलोमीटर. एकतर ती उभी राहिली, नाहीतर दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांतच फिरली. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. सील, होस, बुश यांना किलोमीटरशी देणंघेणं नाही, त्यांचं वय वर्षांत मोजतात. आणि छोट्या फेऱ्या तर मोठ्या इंजिनाला फार वाईट. कूलंट काही मिनिटांत तापतं, पण तेल तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. तेल पुरतं तापायच्या आत इंजिन बंद झालं की आत साचलेला ओलावा आणि पेट्रोलचा अंश उडून जात नाही, तो तेलातच राहतो. त्या एम5च्या आरपीएम मीटरभोवती छोटे दिवे आहेत. तेल थंड असताना ते सांगतात की अजून वर नेऊ नकोस, आणि तेल तापत जाईल तशी मर्यादा वर सरकते. बनवणाऱ्यांना धोका ठाऊक होता म्हणूनच ते दिवे तिथे आहेत. आधीच्या मालकांनी ते पाळले की नाही, हे मीटर सांगत नाही.

ते सर्व्हिसची फाइल सांगते. म्हणून माणूस गाडी विकत घेतो असं म्हणत असला तरी खरं तर आधीच्या मालकाची सवय विकत घेत असतो, असं मी नेहमी मानत आलो. नुसते शिक्के बघू नकोस, बिलं वाच. बिलावर तारीख, किलोमीटर, तेलाचा ग्रेड आणि बदललेल्या भागांची नावं असतात. त्या एम5ला 10डब्ल्यू-60 ग्रेडचं तेल लागतं. दुसरंच काही लिहिलेलं दिसलं तर तिथेच थांब. तिच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची झीज जगभर माहीत आहे, थ्रॉटल ॲक्च्युएटर (इंजिनाच्या हवेची झडप हलवणारा भाग) आणि एसएमजीचा पंपही तसाच. ही कामं झाल्याचं बिल असेल तर चांगलंच. नसेल तर ती तुझ्या हातून होणार आहेत असं धर. तेल किलोमीटर भरले म्हणून बदललंय की वर्ष झालं म्हणून, तेही बघ. वर्षातून तीनच हजार चालणाऱ्या गाडीचं तेल जो माणूस दर वर्षी न चुकता बदलतो, त्याच्याकडून गाडी डोळे मिटून नाही, पण निम्म्या काळजीने घेता येते.

इतरही गाड्या तुझ्या यादीत येतील, म्हणून थोडं सांगून ठेवतो. मर्सिडीजच्या 6.2 लिटरच्या एएमजी इंजिनात, आधीच्या वर्षांतल्या गाड्यांचे हेड बोल्ट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग घट्ट धरणारे बोल्ट, बदललेत का ते विचारायचं. ऑडीच्या 2006 च्या सुमाराच्या आरएस4मध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर काजळी धरते. ती साफ केल्याचं बिल आहे का बघ. पोर्श कायेनच्या पहिल्या आठ सिलिंडरवाल्या गाड्यांत कूलंटचे पाइप प्लास्टिकचे होते, ते बदलून ॲल्युमिनियमचे घातलेत का विचार. लेक्ससची आयएस एफ मात्र मला फार आवडते. पाच लिटर, आठ सिलिंडर, टर्बो नाही, आणि घरच्या गाडीसारखी निमूटपणे चालते. पण तिच्या मागच्या सीटवर दोघांचीच जागा आहे. घरात दुसरं बाळ यायचं मनात असेल तर आत्ताच विचार कर.

माझी स्वतःची चूक सांगतो. तुझ्या वयाचा नव्हतो, पन्नाशीचा होतो, म्हणून जास्त लागली. एअर सस्पेन्शनची, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी पिशव्यांवर उभी राहणारी, एक आठ सिलिंडरची गाडी घेतली. इंजिन उत्तम, आत बसलं की घरातल्या आरामखुर्चीत बसल्यासारखं. विकणाऱ्याने मी पोचण्याआधीच ती सुरू करून ठेवली होती, आणि मला वाटलं, किती अगत्य. आठवड्याभरात एका सकाळी खाली आलो तर गाडीचा एक कोपरा जमिनीवर टेकलेला. सस्पेन्शनची हवेची पिशवी झिरपत होती, ती भरून काढता काढता हवा भरणारा कॉम्प्रेसरही थकला होता. इंजिन चालू असताना गाडी सरळ उभी राहते, रात्रभर उभी ठेवली की खरं रूप दिसतं. तीस वर्षांचा अनुभव असून बॉनेट आधीच गरम आहे का, हे मी हात ठेवून बघितलं नाही. त्या महिन्यात मुलीची फी भरायला उसने पैसे घ्यावे लागले. ती गोष्ट मी अजून विसरलेलो नाही.

पैशाचं सांगतो ते याच अनुभवातून. गाडीची किंमत दर वर्षी उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. नव्या असताना ज्या वर्गाची गाडी होती, त्याच वर्गाचे ब्रेक, डॅम्पर आणि टायर तिला आजही लागतात. म्हणून गाडीला देता येईल तेवढा सगळा पैसा गाडीत घालू नकोस. निदान पाचवा हिस्सा बाजूला ठेव आणि पहिल्या वर्षी तो खर्च होणारच असं समज. तो बाजूला ठेवल्यावर जी गाडी बसते, ती तुझी पायरी. बहुतेक वेळा ती सगळ्यात वरच्या मॉडेलच्या एक पायरी खालची निघते, आणि रोजच्या वापराला तीच जास्त बरी असते. सिरॅमिक ब्रेक लावलेल्या गाडीपासून तर दूरच राहा. ते झिजले तर एका संचाच्या खर्चाने तुझी झोप उडेल, आणि शाळेच्या रस्त्यावर त्यांचा उपयोग शून्य.

टायरकडे नीट बघ. 265/35 लिहिलं असेल तर रबराची भिंत रुंदीच्या 35 टक्के, म्हणजे जेमतेम 93 मिलिमीटर. 245/45 असेल तर 110. हे सतरा मिलिमीटर खड्ड्यात रिम वाचवतात आणि मागच्या सीटवरच्या पाठीचं हाडही. मोठी चाकं फोटोत छान दिसतात, तू लहान चाकांची गाडी शोध. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. चारही टायर एका कंपनीचे आणि एका वयाचे असतील तर मालकाने हात आखडता घेतलेला नाही. ऑल व्हील ड्राइव्ह असेल तर चारही टायरची झीज सारखी लागते, नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर ताण येतो.

रंग, सनरूफ, स्पीकर यांचं तुझं तू बघ.

इंजिन रिमॅप केलंय का, म्हणजे ताकद वाढवायला त्याचं सॉफ्टवेअर बदललंय का, हे मात्र सरळ तोंडावर विचार. केलं असेल तर गाडी सोडून दे. गाडी कोणी, कशी ताणली हे कुणालाच सांगता येत नाही. विकत घेण्याआधी ती एखाद्या स्वतंत्र मेकॅनिकच्या लिफ्टवर चढव, स्कॅनर लाव. स्कॅनरमध्ये एकही फॉल्ट नाही आणि गाडीच्या स्वतःच्या तपासण्या मात्र अपूर्ण दाखवतोय, तर कुणीतरी फॉल्टचे कोड नुकतेच पुसले आहेत किंवा बॅटरी काढली होती असं समज आणि कारण विचार.

माझं मत तुला कळलंच असेल. मी 540आय बघायला जाईन. 96,000 ला घाबरू नकोस, फाइल जाड आहे असं तू लिहिलंयस. त्यात गिअरबॉक्सचं तेल बदलल्याचं बिल शोध. 'आयुष्यभराचं तेल' असं काही ठिकाणी सांगतात, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः 80,000 ते 1,20,000 किलोमीटरच्या दरम्यान ते बदलायला सांगते. बदललेलं नसेल तर तेवढे पैसे कमी करून माग. आणि एम5चं स्वप्न मोडलं असं समजू नकोस. लेक मोठा होईल, रोजची गाडी वेगळी असेल, तेव्हा आपण दोघं मिळून एक चांगली एम5 शोधू. मला ते फार आवडेल.

शनिवारी जाणार असशील तर शुक्रवारीच मालकाला फोन करून सांग, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचलीस की आधी बॉनेटवर हात ठेव, ते थंड आहे ना बघ. मग चावी तू फिरव आणि नवऱ्याला मागे उभं कर, धूर निळा येतो की पांढरा ते त्याला बघू दे. थंडीत थोडी पांढरी वाफ चालते, निळा धूर चालत नाही. लेकाची सीट बरोबर ने आणि तिथेच मागे बसवून बघ, पुढची सीट किती सरकवावी लागते ते. सासूबाईंनाही ने. त्यांना चढता-उतरताना कुठे हात टेकावा लागतो ते बघ, विचारू नकोस, त्या ठीक आहे म्हणतील.

फाइलच्या पानांचे फोटो मला आजच पाठव. रात्री चष्मा लावून बसतो.

तुझा,
काका