माशाच्या आइस बॉक्समध्ये सिगार ठेवता येतील का?

प्रश्न : काकाजी, नमस्कार. मी गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात राहतो. मुलगा व्यापारी जहाजावर नोकरीला आहे. सुट्टीवर येताना त्याने माझ्यासाठी सिगारच्या दोन लाकडी पेट्या आणल्या. मी सणावारी एखादा ओढतो, त्यामुळे त्या वर्षभर तरी पुरतील. सिगार वाळू नयेत म्हणून घट्ट झाकणाच्या आइस बॉक्समध्ये ठेवा, असं तो सांगून गेला. घरात पुतण्याचा जुना बॉक्स आहे, पण त्यातून तो तलावाची मासोळी बाजाराला न्यायचा. साबणाने धुतला, खायचा सोडा टाकून ठेवला, आता कापूर ठेवलाय. तरी झाकण उघडलं की वास येतोच. काय करावं?

उत्तर : भाऊ, बॉक्स कामी येऊ शकतो. पण आधी त्यातला कापूर बाहेर काढा. कापराने मासोळीचा वास जात नाही, त्यावर दुसरा वास चढतो, आणि तो प्लॅस्टिकमध्ये मुरला की काढायला पहिल्यापेक्षा जड जातो. अगरबत्ती, डांबरगोळ्या, फिनाइल, संत्र्याच्या साली, खसाचं अत्तर, यांतलं काहीही त्या डब्याच्या आसपास नको.

माझी सगळी नोकरी बिडी कारखान्याच्या गोदामात गेली. तंबाखू शेजारचा वास किती लवकर ओढून घेतो ते तिथे कळतं. पोत्यांच्या खोलीत आम्ही रॉकेलचा डबाही येऊ देत नसू. जर्द्याला परका वास लागला असेल तर सुपात ओतताक्षणी बिडी वळणाऱ्या बाया सांगायच्या, "मुन्शीजी, हे पोतं कशाजवळ होतं?" सिगार तर अख्ख्या पानांचा, आणि तो महिनोन्‌महिने बंद डब्यात राहणार. म्हणून डब्यातला वास पूर्ण जायला हवा, थोडा कमी होऊन भागणार नाही.

धुण्याआधी बॉक्स रिकामा करून उजेडात नीट पाहा. आतल्या प्लॅस्टिकला कुठे तडा आहे का? पाणी काढायच्या बुचाभोवती फट आहे का? या डब्यांच्या दोन भिंतींमध्ये फोम भरलेला असतो. माशाचं पाणी त्यात उतरलं असेल तर वरून कितीही घासा, डबा तापला की वास पुन्हा येणार. तसं असेल तर हा बॉक्स पुतण्याला परत द्या आणि नवा घ्या. इथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

तडा नसेल तर कामाला लागा. पहिलं पाणी थंड घ्या. मासोळीचा चिकट स्राव गरम पाण्याने शिजून प्लॅस्टिकला धरून बसतो. तो निघाल्यावर कोमट पाणी आणि वास नसलेला भांड्यांचा साबण घेऊन तेलकटपणा काढा. उकळतं पाणी ओतू नका, आतलं प्लॅस्टिक वाकडं होतं. झाकणाच्या कडेचं रबर निघत असेल तर काढून वेगळं भिजवा. बूचही काढा. बुचाच्या भोकात जुना दात घासायचा ब्रश फिरवा आणि ब्रशचा वास घेऊन पाहा. सगळा डबा स्वच्छ आणि वास मात्र त्या बोटभर नळीत, असं फार वेळा असतं.

तुमचा सोडा का चालला नाही, तेही सांगतो. मासा शिळा होऊ लागला की त्यात अमाइन जातीचे पदार्थ तयार होतात, तो उग्र वास मुख्यतः त्यांचा. त्यांचा स्वभाव आम्लारीचा, आणि सोडाही आम्लारीच, मग तो त्यांचं काय करणार? इथे आंबट लागतं. आम्ल भेटलं की या अमाइनचं क्षारात रूपांतर होतं, ते हवेत उडत नाही आणि पाण्याने धुऊन निघतं. मासोळीला लिंबू चोळतात त्यामागचं एक कारण हेच आहे. तुम्ही मात्र लिंबू कापून घासू नका, सालीतलं तेल प्लॅस्टिकला लागतं. किराणा दुकानातून लिंबूसत्व आणा, ते सायट्रिक ॲसिडच असतं. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे विरघळवून त्यात भिजवलेलं फडकं आतल्या भिंतींवर, झाकणावर, रबरावर अर्धा तास चिकटवून ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. पांढरं व्हिनेगर निम्म्या पाण्यात मिसळून वापरलं तरी चालेल, त्याचा वास उन्हात उडून जातो. ब्लीचिंगचं पाणी नको. आणि ते व्हिनेगर किंवा लिंबूसत्वाबरोबर चुकूनही मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो छातीला धोक्याचा आहे.

यानंतर ऊन. आपल्याकडे त्याला तोटा नाही. झाकण सताड उघडं, बूच काढलेलं, आणि तोंड सूर्याकडे येईल असा डबा कलता ठेवा. तापलेल्या प्लॅस्टिकमधून मुरलेला वास बाहेर पडतो आणि वारा तो घेऊन जातो. काही दिवस असंच चालू द्या, पण महिनाभर अंगणात विसरू नका, प्लॅस्टिक ठिसूळ होतं. रात्री घरात घेतला की ॲक्टिव्हेटेड चारकोल सुती कापडात बांधून आत ठेवा आणि झाकण लावा. मासे पाळायच्या काचपेटीचं सामान विकणाऱ्या दुकानात तो मिळतो. चुलीतला कोळसाही वास ओढतो, पण पुष्कळ कमी.

आता परीक्षा. डबा बंद करून तासभर उन्हात तापू द्या आणि उघडताक्षणी नाक आत घाला. तुमचं नाक त्या वासाला सरावलेलं असेल, म्हणून घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी बोलवा. त्याहून पक्की परीक्षा लोण्याची. वाटीत ताजं, बिनमिठाचं लोणी चमचाभर घ्या, रात्रभर बंद डब्यात घराच्या थंड कोपऱ्यात ठेवा आणि सकाळी बोटावर घेऊन चाखा. स्निग्ध पदार्थ वास पटकन धरतो. लोण्याला मासोळीची जराही चव आली तर पुन्हा लिंबूसत्वापासून सुरुवात करा. लोणी कोरं निघालं की ओलं फडकं ताटलीत ठेवून डबा दोनतीन दिवस बंद ठेवा. कोरड्यात दबून राहिलेला वास दमट हवेत वर येतो, आणि सिगार तर दमट हवेतच राहणार आहेत.

पुढचं थोडक्यात. सिगारला साधारण 65 ते 70 टक्के आर्द्रता लागते. ती धरून ठेवणाऱ्या तयार पुड्या मिळतात, 65 टक्क्यांची घ्या. आर्द्रता मोजायचं छोटं घड्याळही घ्या आणि ते तपासून घ्या : बाटलीच्या टोपणात मीठ घेऊन थेंबभर पाण्याने ओलसर करा, विरघळू देऊ नका. टोपण आणि घड्याळ एका घट्ट पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी आकडा 75 च्या जवळ हवा. सिगार त्यांच्या लाकडी पेट्यांतच राहू द्या. त्या पेट्या बहुधा सेड्रेला नावाच्या झाडाच्या लाकडाच्या असतात, आपल्याकडचा तून त्याच कुळातला. सागाच्या किंवा देवदाराच्या फळ्या आत घालू नका, त्यांचा वास लागतो.

उन्हाळ्याची मात्र मला खरी काळजी वाटते. आइस बॉक्स स्वतः थंडावा करत नाही, बाहेरची उष्णता आत यायला उशीर लावतो एवढंच. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो. तंबाखूतला किडा 25 अंशांच्या वर जोमाने वाढतो, सिगारला टाचणीने केल्यासारखी भोकं पडतात. हळकुंडाला भोकं पाडतो तोच हा बारीक, तपकिरी किडा. म्हणून पेट्या बॉक्समध्ये ठेवण्याआधी घट्ट पिशवीत बांधून तीन दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, मग बाहेर, अशा क्रमाने काढा. फ्रीझरचं तापमान उणे 18 च्या आसपास हवं. बॉक्स घराच्या आतल्या खोलीत जमिनीवर ठेवा, खसाच्या ताट्यांच्या कूलरपासून दूर.

आणि भाऊ, सिगारही तंबाखूच आहे. बिडीपेक्षा तो निरुपद्रवी असतो असं समजू नका. कारखान्यातल्या कितीतरी माणसांचा खोकला मी ऐकला आहे. सणावारी एखादा, हे तुमचं माप त्याच्या पुढे जाऊ देऊ नका.

प्रश्न : दारव्हा तालुक्यातून (यवतमाळ) लिहिते आहे. आमच्या आइस्क्रीमच्या गाडीवरच्या बॉक्सला दुधाचा आंबूस वास येतो. त्यात वायगावची हळद ठेवायची आहे. वरचा उपाय चालेल?

उत्तर : नाही ताई, तुमच्यासाठी उलटा. नासलेल्या दुधाचा वास आम्लांचा असतो, तिथे खायचा सोडाच हवा. आधी थंड पाण्याने धुवा, मग लिटरभर कोमट पाण्यात चार मोठे चमचे सोडा घेऊन तासभर आत राहू द्या. बाकी रबर, बूच, ऊन आणि लोण्याची परीक्षा तीच. हळदीला ओलावा अजिबात नको, तेव्हा डबा कोरडा ठणठणीत झाल्याशिवाय भरू नका. हळदही कडक वाळवून पूर्ण गार झाल्यावर भरा, गरम भरली तर झाकणाला आतून पाणी सुटतं आणि बुरशी धरते.