पुरातत्त्वाच्या कामासाठी इंग्लंडला यायचं ठरवण्याआधी

भाऊ, तुझा प्रश्न नीट वाचला. नागपूरहून एम.ए. झालं, दोन उत्खननांवर कंत्राटी काम केलं, पैसे हजेरीपुरतेच आणि पावसाळ्यात घरी येऊन धानाची रोवणी. आता इंग्लंडला एक वर्षाच्या एम.ए.ला प्रवेश मिळतोय, बाबा वावर गहाण ठेवायला तयार आहेत, आणि तू विचारतोस की कर्ज फिटेल का.

वावर गहाण ठेवू नकोस. शिष्यवृत्ती मिळाली तर जरूर ये, नुसत्या कर्जावर येऊ नको.

इकडे काम भरपूर आहे हे खरं. १९९० साली पीपीजी १६ हे नियोजनाचं धोरण आलं आणि जमिनीखाली काय आहे ते तपासायचा, गरज पडली तर उत्खननाचा खर्च बांधकाम करणाऱ्याच्या माथी आला. धोरणाची नावं पुढे बदलली, तत्त्व टिकलं. घरांची वसाहत असो की रेल्वेमार्ग, पाया खणायच्या आधी आपले लोक उतरतात. पोकलेन वरची माती सोलत जातो आणि आपण बाजूला उभं राहून मातीचा रंग बदलला, म्हणजे खाली जुनं काही असेल असं वाटलं, की हात वर करायचा. गोसेखुर्द धरणाच्या पाण्याखाली किती गावं गेली ते तुझ्या घरच्यांना ठाऊक आहे. तिथल्या प्रत्येक पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर आधी चर मारायची अशीच सक्ती असती, तर पवनी-कुहीकडच्या किती पोरापोरींना हक्काचं काम मिळालं असतं! मला याचा अजून राग येतो.

पण पगाराची खरी गोम याच पद्धतीत आहे. बांधकामवाल्याला खापरं नको असतात, त्याला परवानगी हवी असते. तो दरपत्रकं मागवतो आणि बहुतेक वेळा स्वस्तातल्याला काम देतो. मग संस्था एकमेकींपेक्षा खाली बोली लावतात आणि ती कपात शेवटी चरात गुडघे टेकून बसलेल्याच्या पगारातून निघते. २००८ च्या मंदीत बांधकामं थांबली तशा आपल्या क्षेत्रातल्या नोकऱ्याही गेल्या. एचएस२ रेल्वेसारखं मोठं काम निघालं की माणसं कमी पडतात, पगार जरा वर सरकतात.

त्यात व्हिसा. कुशल कामगार व्हिसाची सर्वसाधारण पगारमर्यादा एप्रिल २०२४ मध्ये २६,२०० पौंडांवरून ३८,७०० वर गेली आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७०० झाली. नवख्यांना सवलत आहे, तरी ३३,४०० लागतातच, आणि खोदकामावर नव्याने लागलेल्याचा पगार सहसा त्याच्याही खाली असतो. शिक्षणानंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा होता, तो १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना (पीएचडीवाले सोडून) १८ महिन्यांचाच मिळेल. विद्यार्थ्याला आरोग्य अधिभार (सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायचे पैसे) वर्षाला ७७६ पौंड, तोही आगाऊ. फी आणि घरभाडं वेगळंच. नियम सारखे बदलतात, म्हणून एजंटचं ऐकू नको, सरकारी संकेतस्थळ स्वतः वाच.

एवढं करून आलासच, तर नोकरी धरताना पगाराच्या आकड्यावर भुलू नको. माझ्या पहिल्या संस्थेत गाडी पहाटे डेपोतून निघायची आणि कामाचे तास मात्र साइटवर पोचल्यावर मोजले जायचे. येणं-जाणं धरून रोजचे तीन तास फुकट. जानेवारीत ओल्या चिकणमातीत बसून प्लास्टिकच्या ड्रॉइंग फिल्मवर पेन्सिलने चराच्या भिंतीतल्या थरांचं चित्र काढताना बोटं वळत नाहीत, आणि वरून हे! आम्ही काही जण युनियनमध्ये गेलो, सगळ्यांनी तासांच्या नोंदी लिहून ठेवल्या, तेव्हा कुठे प्रवासाचे पैसे सुरू झाले. म्हणून सही करण्याआधी विचार: प्रवासाचा वेळ मोजता का, बाहेरगावी राहण्याचं भाडं कोण देतं, आजारपणात पगार किती, करार कायम की कामापुरता. चार्टर्ड इन्स्टिट्यूट फॉर आर्किऑलॉजिस्ट्स किमान पगाराच्या पातळ्या जाहीर करते, त्यांच्याशी ताडून बघ. आणि प्रॉस्पेक्ट या युनियनची पुरातत्त्ववाल्यांची शाखा आहे, तिथे पहिल्याच महिन्यात नाव घाल.

आता तिकडचं. ग्रेटर नोएडाच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय पुरातत्त्व संस्थेतली दोन वर्षांची पदविका आधी बघ, तिथे अर्ज कर. आणि पुढच्या हंगामात कॅम्पवर जाण्याआधी नेमणूकपत्र लेखी माग. त्यात रोजचा दर, कामाचे तास आणि पैसे कधी मिळणार हे लिहिलेलं असू दे. एकट्याने मागशील तर बाजूला काढतील, बरोबरच्या चौघांनी मिळून मागा. माती चाळणाऱ्या, खापरं धुणाऱ्या गावच्या बायांनाही त्यात धरा. त्यांच्यासाठी कॅम्पवर संडास आणि सावली आहे का, साप चावला तर दवाखान्यात न्यायला गाडी आहे का, हे याच पत्रात विचारा. पत्राचा मसुदा केलास की मला पाठव, मी वाचून देतो.