आधी कलम, मग परिपत्रक

अनेक आशीर्वाद.

खात्याला आपला कायदा जास्त कळत असताना त्याने लावलेला अर्थ न्यायालयाने का मानू नये, असे तू परवा हायकोर्टाच्या बाररूममध्ये विचारलेस, तेवढ्यात पुकारा झाला आणि मी उठलो. तुझ्या फाइलमध्ये परिपत्रक सर्वांत वर होते, पिवळ्या खुणांनी भरलेले; मूळ अधिनियमाची प्रत तळाशी, कोरी करकरीत. ते मला खुपले. आधी कलम वाच.

अमेरिकेतल्या निकालाने तू गोंधळली आहेस. कायद्याचे शब्द संदिग्ध असतील आणि तो राबवणाऱ्या सरकारी यंत्रणेने लावलेला अर्थ वाजवी असेल, तर न्यायाधीशाने स्वतःला दुसरा अर्थ पटत असूनही तोच स्वीकारायचा, हा तिथला १९८४ च्या शेव्हरॉन निकालाचा नियम होता; हेरिंग पकडणाऱ्या मच्छीमारांच्या लोपर ब्राइट प्रकरणात तो २८ जून २०२४ रोजी मोडीत निघाला. यंत्रणेचे म्हणणे पटण्याजोगे असेल तेवढेच वजन त्याला द्यायचे, ही १९४४ च्या स्किडमोर निकालाची रीत मात्र शाबूत आहे.

आपल्याकडे १९८१ च्या के. पी. व्हर्गीस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्राप्तिकराच्या परिपत्रकांचा आधार घेतला, पण कलमाचा हेतू स्वतः उलगडल्यावर. २००८ मध्ये रतन मेल्टिंग प्रकरणात घटनापीठाने स्पष्टच सांगितले, की परिपत्रक ही शासनाची कायद्याविषयीची समजूत आहे, ती न्यायालयावर बंधनकारक नाही. आता तरी आधी कलम वाचशील ना?

माझ्या वकिलीच्या सहाव्या वर्षी निवृत्तिवेतन नाकारलेले एक गुरुजी आले होते. परिपत्रक वाचून मी त्यांना ‘केस नाही’ म्हणून परत पाठवले. नियमात नुसता ‘सेवा’ हा शब्द होता. त्यामागे ‘सलग’ परिपत्रकाने घुसवला होता. हे मला दोन वर्षांनी, दुसऱ्याच वकिलाचा युक्तिवाद ऐकताना उमगले. गुरुजींना शोधायला गेलो, तर घर विकून ते मुलाकडे निघून गेले होते.

मी सरकारी वकिलांचे पॅनेल हट्टाने सोडले असे लोक तुला सांगतील. हट्टच होता. कलम वाचून दाखवू नका, परिपत्रकावरच बोला, अशी सूचना आल्यावर मी तिथे थांबू शकत नव्हतो, आणि त्यात माझे काही चुकले असे मला आजही वाटत नाही.

सोमवारी संध्याकाळी सिव्हिल लाइन्सच्या ऑफिसात ये. येताना तुझ्या प्रकरणातले कलम परंतुकांसह, म्हणजे त्यातल्या ‘परंतु’ने सुरू होणाऱ्या अपवादांसह, आणि स्पष्टीकरणासह स्वतःच्या हाताने लिहून आण, बेटा. परिपत्रक घरीच ठेव.