डब्यातली मासोळी अन् हजारावरची मजुरी

प्रश्न : मोबाईलवर फ्रान्समधल्या दुआर्नने गावच्या मासळी कारखान्यातल्या बायांचा जुना फोटो पाहिला, सगळ्यांच्या डोक्यावर पांढरी टोपी. त्या काय करत होत्या जी? आमच्याकडं बाया बिड्या वळतात, हजारामागं पैसे भेटतात. त्यांचं पण तसंच होतं का?
– एक वाचक, ता. साकोली

उत्तर : हो ताई, तसंच, पण १९०५ पर्यंत. या गावात १८५३ पासून सार्डिन डब्यात भरायचे कारखाने निघाले. सार्डिन म्हणजे कोकणातल्या तारलीच्या जातीची मासोळी, अन् ती काही फार वेळ टिकत नाही, त्यामुळं होड्या लागल्या की रात्र असो का पहाट, बायांना बोलावणं यायचं, माल संपेपर्यंत सुट्टी नाही, झोप लागू नये म्हणून गाणी म्हणत काम चालायचं, त्यात बारा-तेरा वर्षांच्या पोरी पण असायच्या. मुंडकं-आतडं काढायचं, मिठाच्या पाण्यात ठेवायचं, सुकवायचं, तेलात तळायचं, मग हातानं डब्यात रचायचं. वरून तेल, झाकण पक्कं, अन् डबा उकळायचा, म्हणजे आतले जंतू मरतात, बाहेरचे शिरत नाहीत, मासा वर्षानुवर्षं टिकतो. झाकण झाळायचं काम पुरुषांचं, पगारही जास्त, पण मशीन आलं अन् ते काम गेलं.

बायांना पैसे हजार मासोळीमागं मिळायचे. १९०५ ला संप करून त्यांनी तासाची मजुरी घेतली, मला तर हाच संप मोठा वाटतो, कारण हजारावर मोजलं की मासोळी बारीक निघाली काय अन् ताटकळत बसावं लागलं काय, नुकसान बाईचंच. बिडीतही खराब म्हणून बाजूला काढलेल्याचं तसंच होते ना.

नाव मात्र दुसऱ्या संपाचं झालं. १९२४ ला तासाला ८० सांतीम मिळायचे, म्हणजे पुरा फ्रँकही नाही, मागितले सव्वा फ्रँक. २१ नोव्हेंबरला संप सुरू झाला, मालक काही ऐकेनात, वरून संप फोडायला बाहेरची माणसं आली अन् १ जानेवारीला त्यांनी संपाच्या बाजूनं उभे असलेले कम्युनिस्ट महापौर ल फ्लांशेक यांच्यावर गोळीबार केला. ते जखमी झाले, वाचले. मग मालकांचा जोर ओसरला, आठवड्याभरात समझोता झाला, तासाला एक फ्रँक ठरला.

त्याच वर्षी, १९२५ च्या निवडणुकीत, त्या संपातली जोझेफिन पाँकाले नगरपालिकेत निवडून आली. निवड रद्द झाली, कारण फ्रान्समध्ये बायांना मतदानाचा हक्कच नव्हता, तो १९४४ ला मिळाला.