इंग्लंडमधली लाकडी सांगाड्याची जुनी शेतघरं इतकी वाकडी असून पडत कशी नाहीत? सिमेंट लावून सरळ का करत नाहीत?

सिमेंट हा शब्द दिसला म्हणून लिहायला बसलोय, एरवी मी इथे नुसता वाचतो.

केंटमध्ये आमचं असंच घर आहे, मूळचं शेतकऱ्याचं, आता ग्रेड टू लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून सरकारच्या संरक्षित यादीत असलेलं. घेतलं त्या वर्षी ताई-भावोजी नाशिकहून आले, भावोजी बिल्डिंग कॉन्ट्रॅक्टर. त्यांनी आल्या आल्या माझ्या पोराची गोटी वरच्या खोलीत जमिनीवर ठेवली, ती खिडकीपासून दारापर्यंत आपली आपण गेली, आणि रात्री जेवताना सगळ्यांसमोर, "पडकं घेतलंस रे, सिमेंट मारून टाक नाहीतर विकून मोकळा हो."

आता गंमत अशी की सिमेंट आधीच्या मालकाने बाहेरून मारलेलंच होतं. दोन वर्षांनी खालच्या खोलीत कुबट वास यायला लागला, सुतार बोलावला, त्याने छिन्नीने सिमेंटचा एक पापुद्रा उडवला. मागे जमिनीलगतची आडवी तुळई, जिच्यावर सगळे खांब बसतात, ती बोटाने उकरली तर चहाच्या चोथ्यासारखी हातात आली. सिमेंटला केसाएवढी चीर गेली की पाणी आत जातं आणि मग तिथेच बसतं. चुन्याच्या गिलाव्यातून ते वाळून जातं. पिढ्यान् पिढ्या टिकलेला ओक त्या सिमेंटने काही दशकांत खाल्ला.

पडत का नाहीत, तर भिंती वजन घेतच नाहीत. वजन खांब-तुळयांवर, आणि कोपऱ्यात तिरपी लाकडं असतात ती चौकट धरून ठेवतात. मधल्या जागेत चक्क कूड: ओकच्या काठ्या, त्यात विणलेल्या हेझल नावाच्या झाडाच्या फांद्या, वर माती, गवत आणि शेण. हो, शेणच, आपल्या कोकणातल्यासारखं. ओक ओला असतानाच तासायचे, वाळल्यावर तो हत्यारालाही दाद देत नाही. खाचेतलं आणि कुसवातलं (खाचेत बसणाऱ्या टोकातलं) भोक मुद्दाम जरा सरकवून पाडायचे, म्हणजे खुंटी ठोकली की सांधा ओढून घट्ट बसतो. मग लाकूड जागेवरच वाळतं, आकसतं, पिळतं, आणि सगळा सांगाडा एकत्र कलतो. ते आता जबरदस्तीने सरळ करायला गेलात तर सांधेच तुटतील.

आमच्या सुताराने घर जॅकवर उचलून कुजलेला तेवढाच भाग कापला आणि नवा ओक जोडला. तेव्हा खांबावर आणि त्याच्या तिरप्या लाकडावर कोरलेला एकच रोमन आकडा दिसला, म्हणजे सांगाडा आधी जमिनीवर आडवा जुळवून, खुणा करून मग उभा केलेला. फोटो भावोजींना पाठवला. ब्लू टिक आली, उत्तर नाही.

माळ्यावर वाशांना हात लावला तर बोटं काळी होतात. पूर्वी धुरांडं नव्हतं, घराच्या मधोमध चूल आणि धूर छपरातून बाहेर, चिमणी आणि त्या चुलीच्या खोलीवरचा मजला बहुतेक घरांत १६व्या शतकात आले. मूळ रूप बघायचं तर वेस्ट ससेक्समधल्या सिंगलटनच्या म्युझियममध्ये बेलीफ (Bayleaf) नावाचं १५व्या शतकातलं शेतघर बघा. केंटमधल्या एका जलाशयासाठी जागा रिकामी करायची म्हणून १९६८-६९ मध्ये ते सुटं केलं आणि नंतर तिथे परत उभं केलं. काँक्रीटचा बंगला असा हलवून दाखवा म्हणावं! (आणि ते काळं-पांढरं रंगवणं बरंचसं व्हिक्टोरियन काळातलं फॅड आहे, या भागात ओक तसाच रुपेरी ठेवायचे.)

हां, थंडी वाजते, दारात कपाळ आपटतं, लिस्टेड घरात परवानगीशिवाय बदल केलात तर गुन्हा आहे. आणि वाकडेपणा जुना असेल तरच निवांत राहा, चिरा ताज्या असतील तर जुन्या घरांची माहिती असलेला इंजिनिअर आधी बोलवा, माझ्या उत्तरावर जाऊ नका.

बाकी भावोजींच्या बंगल्याला पंधरा वर्षं झाली, गच्चीचं वॉटरप्रूफिंग दर मे महिन्यात असतं, ताईला विचारा.