वाचकांचे प्रश्न : स्पंजी हाडाची ताठरता मोजताना

प्रश्न : मी जैवयांत्रिकीचा विद्यार्थी आहे. स्पंजी हाडाचे लहान दंडगोल कापून ते यंत्राच्या दोन पोलादी तबकड्यांमध्ये दाबले असता ताठरता सुमारे ३०० मेगापास्कल येते. पुस्तकांत मात्र हाडासाठी १०,००० ते २०,००० मेगापास्कल असे आकडे आढळतात. माझे मापन चुकले आहे का?

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन निराळी मापने एकत्र आली आहेत. स्पंजी हाड म्हणजे साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर जाडीच्या दांड्या आणि पट्ट्यांची जाळी असून तिच्यातली बरीचशी जागा मज्जेने व्यापलेली असते. आपण भाराला दंडगोलाच्या पूर्ण छेदाच्या क्षेत्रफळाने भागता, तेव्हा ही पोकळ जागाही हिशेबात धरली जाते. म्हणून आपला आकडा जाळीचा आहे आणि पुस्तकातला आकडा एकेका दांडीच्या द्रव्याचा आहे, जो सूक्ष्म टोक दांडीत रुतवून काढता येतो. जाळीची ताठरता हाडाच्या जागेनुसार दहा-वीस मेगापास्कलपासून सुमारे ३,००० मेगापास्कलपर्यंत बदलते. कार्टर आणि हेज या संशोधकांनी १९७७ मध्ये ती घनतेच्या घनाच्या प्रमाणात असल्याचे मांडले. पुढे काहींना हे नाते वर्गाच्या जवळ जाणारे आढळले. कोणतेही धरले, तरी घनतेतील थोड्या फरकाने आकडा पुष्कळ हलतो.

तरीही आपल्या ३०० या आकड्यावर मी लगेच विसंबणार नाही, आणि त्याचे कारण त्या तबकड्या आहेत. दंडगोल कापताना टोकांशी असलेल्या दांड्या शेजारच्या दांड्यांपासून तुटतात, त्यामुळे भार येताच मधल्या भागाआधी त्याच वाकतात. यंत्राच्या सरकण्यावरून विकृती (मूळ लांबीच्या तुलनेत लांबीत झालेला बदल) मोजली, तर टोकांचे हे चेपणे संपूर्ण नमुन्याच्या नावावर जमा होते आणि ताठरता कमी दिसते. ही घट २० ते ४० टक्क्यांपर्यंत असू शकते. तबकडीशी होणारे घर्षण उलट दिशेने, म्हणजे ताठरता वाढवून दाखवण्याकडे ओढते, पण या दोन चुका एकमेकींना फेडतील असे गृहीत धरणे धोक्याचे आहे, कारण प्रत्येक नमुन्यात त्यांचे प्रमाण वेगळे असते. यावर खात्रीचा उपाय म्हणजे दंडगोलाची दोन्ही टोके पितळी टोप्यांमध्ये चिकटवणे आणि विकृती मोजणारे साधन दाब देणाऱ्या यंत्रावर न लावता नमुन्यावरच, शक्यतो मधल्या भागाशी बसवणे. हे काम वेळखाऊ आहे, परंतु एकदा करून पाहिल्यावर जुन्या आकड्यांकडे आपण वेगळ्या नजरेने पाहाल.

दिशेकडेही लक्ष द्यावे. जाळी नेहमीच्या भाराच्या दिशेने अधिक ताठर असते, म्हणून दंडगोल तिरका कापला गेला तर आकडा घसरतो; कापण्यापूर्वी सूक्ष्म सीटी प्रतिमेवरून मुख्य दिशा ठरवावी. नमुन्याची रुंदी दांड्यांमधील अंतराच्या किमान पाचपट असावी, अन्यथा जाळीला सलग पदार्थ मानण्याला आधार उरत नाही. हाड वाळले की ते ताठर होते, त्यामुळे चाचणी संपेपर्यंत ते क्षारद्रवाने (सलाइनने) ओले ठेवावे, आणि दाब पुन्हा पुन्हा द्यायचा असल्यास विकृती अर्ध्या टक्क्याच्या आत राखावी. त्यापलीकडे जाळीला कायमची इजा होऊ लागते, आणि मग त्याच दंडगोलाची दुसरी चाचणी पहिलीशी ताडून पाहता येत नाही.