हॉर्सफील्ड कासव दिवसभर काचेवर चढायला का बघतं?

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडात दीड महिन्यापूर्वी आणलेलं तुमचं हॉर्सफील्ड कासव सकाळी दिवा लागला की टाकीच्या काचेला पुढचे पाय लावून उभं राहतं, कोपरे उकरतं, कधी पाठीवर पडतं. खातं मात्र नीट. त्याला कंटाळा आलाय का, आणि घरभर मोकळं सोडलं तर चालेल का, हा तुमचा प्रश्न. मी लेस्टरला राहते. आमच्याकडे याच जातीची ठमी अकरा वर्षं आहे. पहिल्या वर्षी तिनंही हेच केलं होतं, आणि ती खेळतेय असं समजून मी महिना घालवला. त्याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कंटाळा म्हणून सोडून देऊ नका. हा फार चिवट प्राणी आहे. 1968 साली सोव्हिएत रशियाच्या झाँड-5 यानातून याच जातीची दोन कासवं चंद्राला वळसा घालून जिवंत परत आली होती. इतक्या चिवट जीवाला त्रास होत असला तरी तो महिनोन्महिने चेहऱ्यावर दिसत नाही. दिसते ती ही तगमग. तेव्हा आधी दोन दिवस काहीही न बदलता नुसतं बघा. कोणत्या वेळी, कोणत्या भिंतीशी, आणि मुख्य म्हणजे पुढच्या पायांनी उकरतंय की मागच्या, हे वहीत लिहून ठेवा.

ठमीची एकच बाजू ठरलेली होती, खोलीकडची. त्या काचेवर तिच्या पोटाच्या उंचीवर मातीचा एक लांब पट्टा उठलेला असायचा आणि खाली माती तुडवून तुडवून पायवाटेसारखी घट्ट झाली होती. सकाळी नऊपासून नखांची खरखर चालू. कासवाला काच ही भिंत आहे हे कळत नाही. पलीकडचं दिसतंय, मग जाता का येत नाही, एवढंच त्याला समजतं. मी काचेला बाहेरून खालचे वीस सेंटिमीटर जाड तपकिरी कागद चिकटवला. चौथ्या दिवशी तिनं ती पायवाट सोडली. तुम्हीही दोन दिवस बघून झाले की हे करा, खर्च काहीच नाही. टाकीत दोन नर असतील, तर ते वेगळे करावेच लागतील. एकटा नरसुद्धा काचेत स्वतःचं प्रतिबिंब पाहून चवताळतो.

कागद लावूनही फरक पडला नाही तर उष्णता तपासा. इथे बहुतेकांची चूक होते, माझीही झाली होती. टाकीबरोबर मिळालेला गोल तापमापक मी मागच्या काचेवर वर चिकटवला होता आणि तो 26 दाखवायचा, म्हणून मी निश्चिंत. नंतर पिस्तुलासारखा दिसणारा इन्फ्रारेड तापमापक आणून दिव्याखालच्या दगडावर धरला, तर 47! बिचारी ऊन टाळायला सावली शोधत होती आणि छोट्या टाकीत सावलीचं टोकच नव्हतं. दिव्याखाली पाठीच्या उंचीवर 32 ते 35 अंश हवेत आणि दुसऱ्या टोकाला 20-22. बंद काचेच्या टाकीत हा फरक राखणं अवघड जातं. म्हणून मी शेवटी वरून उघडं लाकडी खोकं करून घेतलं, आठ फूट बाय चार फूट. जागा नसेल तर निदान चार बाय दोन तरी असू द्या. सोबत यूव्हीबीची, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी दिव्याची नळी रोज बारा तास लागते. खिडकीतून येणारं ऊन त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण काच ते किरण अडवते. आणि नळी उजेड देत असली तरी वर्षभरानं बदला, तिचे उपयोगी किरण त्याआधीच मंदावलेले असतात.

आता कोपरे उकरण्याबद्दल. ही जात मध्य आशियातल्या कझाकस्तान-उझबेकिस्तानच्या गवताळ, कोरड्या प्रदेशातली. वर्षातले जेमतेम तीन-चार महिने ती जमिनीवर हिंडते. बाकी काळ, कडक उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही, बिळात. म्हणजे खणणं हा तिचा स्वभावच आहे, फक्त खणायला माती हवी. टाकीत लाकडाच्या भुशाचा दोन इंच थर असेल तर बिचारं खणणार काय? मातीत वाळू मिसळा, एका बाजूला निदान तीस सेंटिमीटर भरा आणि तळाशी किंचित ओलसर ठेवा. मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पाणी निघू नये. ठमी पहिल्याच संध्याकाळी त्यात शिरली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाठीचा एक तुकडाच काय तो दिसत होता. मुलगी घाबरून रडायला लागली, पण ते तिचं सुखानं झोपणं होतं.

मागच्या पायांनी खणत असेल तर मात्र प्रकरण वेगळं. मादी अंडी घालायला जागा शोधत असते, आणि नर कधी जवळ आलाच नसला तरी ती अंडी घालते. खाणं कमी होतं, इकडून तिकडे फेऱ्या, खड्डा अर्धवट टाकून दुसरा. खोल माती मिळाली नाही तर अंडी आतच अडकू शकतात आणि ते जिवावर बेततं. दोन-तीन दिवसांत शांत झाली नाही तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडे एक्स-रे काढून घ्या. नाकातून बुडबुडे, सुजलेले डोळे, तोंड उघडून श्वास, यातलं काही दिसलं तर दोन दिवससुद्धा थांबू नका.

घरभर सोडू नका. फरशी थंड, वारा जमिनीलगतच वाहतो, केस-दोरे-खडे तोंडात जातात, आणि तिथे ना ऊब ना किरण. उन्हाळ्यात बागेत, कुंपण आणि सावली करून, जरूर सोडा. पाठीवर पडण्याची काळजी मात्र ते दोन दिवस न थांबता आजच घ्या. दिव्याखाली उलटं पडलेलं कासव अक्षरशः भाजून मरू शकतं. भिंतीजवळची चढता येण्याजोगी वस्तू काढा आणि सरळ होताना पाय अडकवायला दोन-चार चपटे दगड पसरून ठेवा.

हे वाचून महाराष्ट्रातलं कुणी घरातल्या तारा कासवाला (स्टार टॉरटॉइज) लाकडी खोकं करायला निघालं, तर त्यांना हात जोडून सांगते: ते पाळणं हा गुन्हा आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहे. वन विभागाला कळवा.

तुमच्या कासवाचं वजन, कवचाची लांबी आणि शेपटीचा आकार खाली लिहा. शेपटी लांब आणि एका बाजूला वळवलेली असेल तर नर, आखूड आणि जाड असेल तर बहुधा मादी. मादी असेल तर मातीचं काम या शनिवारीच उरका.